शिळी परीक्षा

आमच्या शाळेत टेपरेकॉर्डर एकदा गणितात नापास झाला होता. थट्टा करत नाही. शिक्षकांच्या खोलीत फळ्याशेजारच्या खिळ्याला त्याचं प्रगतिपुस्तक टांगलेलं असे, मुलांना देतात तसंच छापील, निळ्या पुठ्ठ्याचं. विद्यार्थ्याचं नाव: टेपरेकॉर्डर. मराठी कविता: उत्तम. इंग्रजी उच्चार: बरे. गणित: नापास. वर्तणूक: मधूनमधून फीत खातो. खाली वर्गशिक्षिकेची ठसठशीत सही, ती बाईंची.

मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आले आणि विद्यानगरात राहू लागले, तेव्हा या शहरात मराठी शाळा असेल हेच मला ठाऊक नव्हतं. जामबागेतल्या त्या जुन्या शाळेत विज्ञानाची जागा निघाली. पहिल्या दिवशी ते प्रगतिपुस्तक वाचून मी फिसकन हसले. मागून आवाज आला, "हसा. पण पैले सांगा, त्यानं काय शिकवलं नाही ते तुमाला मालूम आहे का?"

बाई गणित शिकवत आणि मराठी विभाग सांभाळत. पन्नाशी उलटलेली, घराणं बिदरकडचं, दोन पिढ्या हैदराबादेत मुरलेलं. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालत आणि रोज सिकंदराबादहून बसने येत. कुणी भेटलं की "कसं काय" विचारायची त्यांना सवय नव्हती. "आज काय कळलं नाही?" असं विचारत. विद्यार्थ्यांना, शिपायाला, कोठी भागातल्या इराणी हॉटेलातल्या वेटरलासुद्धा. उत्तर मिळेपर्यंत जागच्या हलत नसत. मी एकदा घाईत "सगळं कळलं" म्हणाले, तर म्हणाल्या, "मग तुमी आज काही नवीन ऐकलंच नाही." असल्या बाईंशी मैत्री होईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं.

त्यांची पद्धत साधी होती. शाळेत नवं काहीही आलं, यंत्र असो, तक्ते असोत, नाहीतर 'या वर्षीपासून असं शिकवावं' असं सांगणारं वरचं परिपत्रक, की त्याची परीक्षा. वर्गाचे हजेरी क्रमांकाप्रमाणे दोन भाग करायचे, सम आणि विषम. एका भागाला धडा नव्या तऱ्हेनं, दुसऱ्याला जुन्या. मग दोघांना एकच पेपर, पण लगेच नाही, आठ दिवसांनी. याला त्या शिळी परीक्षा म्हणत. "ताजं तर सगळ्यांनाच आठवतं. आठ दिवसांनी आठवलं तर शिकलं म्हणायचं." कुणाचं नुकसान नको म्हणून पुढच्या आठवड्यात भाग उलटे करत.

शिक्षण खात्याकडून रंगीत टीव्ही आला तेव्हा मी नुकतीच रुजू झाले होते. सकाळी अकराला कार्यक्रम लागे, तोही तेलुगूत, आणि नेमकी त्याच वेळी वीज जाई. बाईंनी त्याची हजेरी मांडली. महिन्यातले बहुतेक दिवस गैरहजर. शेरा: 'पालकांना भेटायला बोलवावे.' स्लाइड दाखवण्याचं यंत्र आलं, त्यासाठी खोलीत अंधार करावा लागे. त्याचा शेरा: 'मुलांना झोप चांगली लागते.' पण एकदा असंही झालं की दोन्ही भागांना सारखेच गुण पडले. चौकशी केली तेव्हा कळलं, एका भागानं डबा खाताना दुसऱ्याला सगळा धडा सांगून टाकला होता. बाईंनी हसत नवं प्रगतिपुस्तक काढलं आणि त्यावर नाव घातलं 'मधली सुट्टी'. सर्व विषयांत प्रथम श्रेणी.

यंत्रांवर त्यांचा राग होता असं लोक समजत, ते खोटं आहे. कविता शिकवताना टेपरेकॉर्डर त्याच सगळ्यात आधी पळवत. त्यांचा राग होता तो परीक्षा न देता पुढच्या वर्गात जाणाऱ्यांवर. परिपत्रक आलं की त्यावर तांबड्या पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहून फाइलला लावत: 'हे कुणी करून पाहिलं?'

एकदा खात्याचे अधिकारी तपासणीला आले. सज्जन तेलुगू गृहस्थ. टीव्हीचं प्रगतिपुस्तक कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं आणि ते गोंधळले.

"अम्मा, सरकारी सामान को फेल कैसा करते?"

"बच्चों को करते नई क्या साब?" बाई म्हणाल्या. "वो बी सरकारी च हैं."

साहेबांनी खुर्ची ओढून सगळी प्रगतिपुस्तकं मागवली आणि चहा गार होईस्तोवर वाचत बसले. जाताना म्हणाले, "रिपोर्ट में ये सब लिखने का कॉलम नई है अम्मा." बाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या आणि कॉलम का नाही हे विचारत राहिल्या.

मग हैदराबादला कॉम्प्युटरचं वेड लागलं. कालपर्यंत शिवणक्लासची पाटी होती तिथे कॉम्प्युटर क्लासची आली. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात दर महिन्याला कुणीतरी अमेरिकेला जायचं, आणि निरोपाच्या जेवणात इतर बायका मला विचारायच्या, "तू अजून त्या मराठी शाळेतच?" माझी स्वतःची मुलगी इंग्रजी शाळेत जात होती. ते मी शाळेत कुणाला होऊन सांगत नसे. बाईंना ठाऊक होतं, पण त्यांनी कधी विषय काढला नाही. त्या टोचून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सरकारची योजना आली, शाळांना कॉम्प्युटर. आमच्या शाळेत वरच्या मजल्यावर इंग्रजी माध्यम सुरू झालेलं होतं, खाली मराठी. दहा कॉम्प्युटर आले, सोबत कंपनीनं नेमलेला एक टायवाला तरुण शिक्षक आणि धड्यांच्या सीडी. धडे इंग्रजीत आणि तेलुगूत. परिपत्रकात लिहिलं होतं की ज्या माध्यमात धडे उपलब्ध आहेत त्याच माध्यमाच्या वर्गांनी यंत्रं वापरावीत. म्हणजे आमची मुलं खालून फक्त पाहणार. मधल्या सुट्टीत ती जिन्यात उभी राहून त्या खोलीच्या काचेला नाक लावत.

शाळेच्या संस्थेचे सचिव कापडाचे व्यापारी होते, मराठीच, माणूस भला. त्यांनी बैठकीत तोडगा काढला. येत्या जूनपासून मराठी आठवी बंद करून तिचं इंग्रजी माध्यम करायचं. मुलांना कॉम्प्युटर मिळेल, पालक खूश होतील, पटही वाढेल. आठवी गेली की पाठोपाठ नववी-दहावी जाणार आणि मराठी विभाग सातवीला संपणार, हे सगळ्यांना समजत होतं. मी बाजूनं हात वर केला. आज लिहिताना कसंतरी वाटतं, पण केला. मला मनापासून वाटत होतं की या मुलांचं भलं त्यातच आहे.

बाई म्हणाल्या, "माझी ना नाही. पण पैले परीक्षा."

त्यांनी तिथेच एका कागदावर लिहून काढलं. जूनमध्ये आठवीत जाणाऱ्या मराठी सातवीचे दोन भाग करायचे. शाळा सुटल्यावर दोघांना तोच विजेचा धडा कॉम्प्युटरवर. सम मुलांना टायवाले सर सीडी लावून देतील, इंग्रजीत आहे तशी. विषम मुलांना तीच सीडी आवाज बंद करून, आणि मी मराठीत समजावून सांगायचं. आठ दिवसांनी एकच पेपर, उत्तर कुठल्याही भाषेत. मराठीवाले पुढे राहिले तर आठवी मराठीच राहील आणि कॉम्प्युटरही त्यांना मिळतील. इंग्रजीवाले पुढे राहिले तर माध्यम बदलण्याच्या ठरावावर पहिली सही बाईंची. सचिवांनी खुशीत सही ठोकली. आपली बाजू बिनबोभाट मान्य झाली असं समजून त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही.

मी मात्र पंधरा दिवसांत फिरले. विषम मुलांना मी शिकवू लागले आणि पडद्यावर तारा जोडून दिवा लागला तेव्हा एक मुलगी मला म्हणाली, "टीचर, म्हणजे वीज गोल फिरून घरी येते." इतकी वर्षं मी परिपथ शिकवत होते, कुणी इतकं सरळ म्हटलं नव्हतं. ही मुलं जूनपासून इंग्रजीत गप्प होतील असं मला वाटलं. मी जीव तोडून शिकवलं. इतकं बोलले की घसा बसला.

पेपर झाला. गठ्ठा तपासायला माझ्याकडे. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी बेरीज केली, पुन्हा केली. सम भाग पुढे होता. थोड्याच गुणांनी, पण पुढे. ज्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं ती मुलं. मी पुन्हा विषम गठ्ठा काढला आणि बघता बघता सहा पेपरांत अर्धा-अर्धा गुण इकडेतिकडे वाढवला. मोठं काही नाही. कुठे एकक लिहिलं नव्हतं, ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. फरक पुसला गेला आणि मराठीवाले केसभर वर आले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी गठ्ठा घेतला आणि प्रयोगशाळेत बसून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. मी समोर परीक्षानळ्या धुवत होते.

"या पोरीनं व्होल्ट लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमी रोज अर्धा गुण कापता. वर्गात किती बोलता त्यावरून. आज का नाही कापला?"

त्यांनी तांबडी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

"कापा."

मी कापला. त्यांनी दुसरा पेपर पुढे ठेवला. सहा वेळा. माझे हात ओले होते आणि कागदावर डाग पडत होते. शेवटचा झाल्यावर मला राहवलं नाही. तोवर मुलांकडून मला खरा प्रकार कळला होता. टायवाले सर सीडी लावून बाहेर उभे राहत, म्हणून सम मुलांनी आपणच सगळ्या तारा जोडून पाहिल्या, चुकली, भांडली, एकमेकांना समजावलं, तेही मराठीतच. माझी मुलं हाताची घडी घालून माझं ऐकत बसली होती. "बाई, हा इंग्रजीचा विजय नाहीच," मी म्हणाले. "हा माझ्या बडबडीचा पराभव आहे. हे लिहा ना निकालात. परीक्षा रद्द करा."

बाईंनी गठ्ठ्याला दोरी बांधली. "नापास झालेल्या प्रत्येक पोराजवळ कारण असतं, पुणेकर. मी कधी ऐकलं का? आज माझी पाळी आहे म्हणून ऐकू?"

त्याच दुपारी त्यांनी ठरावावर पहिली सही केली. माझ्या सहा अर्ध्या गुणांबद्दल त्या कुणाशीही, कधीही, एक शब्द बोलल्या नाहीत.

मला वाटलं, आता बाई खचतील. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. जूनमध्ये इंग्रजी आठवी भरली आणि गणिताच्या तासाला पांढरे बूट घालून बाईच आत गेल्या. सुट्टीभर आठवीचं इंग्रजी गणिताचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या, पाठ केल्यासारखं. वर्गात अडखळत, एखाद्या शब्दासाठी हात हवेत फिरवत आणि मुलांना विचारत, "याला काय म्हणतात इंग्लिशमधे, मला कळलं नाही." मुलांना माहीत असे तर ती सांगत, नसे तर सगळे मिळून शब्दकोशात बघत. कॉम्प्युटरचा तासही त्या सोडत नसत. शेवटच्या बाकावर बसून माउस धरायला शिकल्या. टायवाले सर वर्षात तीनदा बदलले, बाई बाकावर कायम होत्या.

एक दिवस डबा खाताना म्हणाल्या, "माझ्या वर्गात आता कुणी चुकत नाही."

"छान आहे की," मी म्हणाले.

"छान कसलं? कुणी बोलतच नाही." मग हातातली पोळी तशीच धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला त्यांचं दुःख तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

एप्रिलमध्ये त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, आम्हालाच तीन प्रश्न विचारले. आणि चार दिवसांनी पुन्हा शाळेत हजर. पिशवीतून त्यांनी मागच्या वर्षीचा तो कागद काढला, सचिवांनी न वाचता सही केलेला. शेवटची ओळ मीही वाचली नव्हती: 'एका वर्षानं हाच पेपर त्याच मुलांना पुन्हा देण्यात येईल. गुण घसरले तर ठरावही मागे घेण्यात येईल.' नव्या माध्यमानं हाच धडा वर्षभरात पुन्हा शिकवलेला होता, प्रयोगासकट. आता बाईंना धोरणाची परीक्षा घ्यायची होती, वर्षभर शिळी झालेली.

पेपर झाला आणि त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी दचकले.

"मला नका देऊ, बाई. मागच्या वेळी मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे."

"मलाच माहीत आहे, म्हणून तर."

"दुसऱ्या कुणालाही द्या."

"दुसऱ्याची चुकायची जागा मला मालूम नाही. तुमची मालूम आहे, आणि तुमालाही आहे," असं म्हणून त्या चहा प्यायला निघून गेल्या.

मी त्या दिवशी जितक्या काळजीनं पेपर तपासले तितक्या काळजीनं आयुष्यात कधी तपासले नाहीत. जिथे एकक नव्हतं तिथे अर्धा गुण कापला, जिथे होतं तिथे दिला. वीज गोल फिरून घरी येते म्हणणाऱ्या मुलीनं त्या प्रश्नाची जागा कोरी सोडली होती. मला रडू आलं, आणि रडत रडत मी तिथे शून्य लिहिलं. गुण घसरले होते. जवळजवळ सगळ्यांचे, आणि बरेच.

सचिवांनी कागद तेव्हा पहिल्यांदा वाचला. आधी चिडले, म्हणाले, योजना वरून आलेली आहे, धोरण असं दरवर्षी फिरवता येत नाही. बाई म्हणाल्या, "साहेब, मी हरले तेव्हा सही केली. मला पण थांबवणारे होते." मग त्या नुसत्या बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी येऊन बसल्या, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी सचिवांनी पेपरांचा गठ्ठा मागवला. त्यांची पुतणी त्याच वर्गात होती. तिचे दोन्ही वर्षांचे पेपर त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

मराठी आठवी पुन्हा उघडली, कॉम्प्युटरसकट. त्या परिपत्रकाचं काय करायचं ते मी बघेन, असं सचिव म्हणाले आणि त्यांनी खरंच बघितलं, खात्यात चकरा मारून. ज्यांना इंग्रजीत जायचं होतं त्यांना वर जाऊ दिलं. खालीच राहायला सातवीतून आलेली अकरा मुलं तयार झाली. तो वर्ग पुढे मी बरीच वर्षं चालवला.

जूनच्या आदल्या आठवड्यात बाई नवा कागद घेऊन घरी आल्या. मराठी विभाग आता माझ्याकडे होता, म्हणून सही माझी हवी होती. मी चहा ठेवला आणि आनंदात होते. कागद वाचला आणि आनंद गेला. एका वर्षानं या अकरा जणांना हाच पेपर. गुण वरच्या मजल्यापेक्षा कमी पडले तर मराठी आठवी बंद. त्याखाली आणखी एक ओळ: 'शिक्षिकेने एका तासात दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये.'

"ही ओळ माझ्यासाठी?"

"हौ."

"बाई, वर्षभर झगडून तुम्ही हा वर्ग परत मिळवलात," माझा आवाज चढला. "आणि आता आपणच तो पुन्हा पणाला लावायचा? कुणी मागितलंय हे? आपण जिंकलोय."

"टेपरेकॉर्डरची घेतली, टीव्हीची घेतली, सरकारची घेतली. आपली तेवढी नक्को?"

"आणि नापास झालो तर?"

बाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तर मी केलं ते तुमी करायचं. सही करायची, जूनमधे वरच्या मजल्यावर इंग्रजी वर्गात जायचं आणि पहिल्या तासाला पोरांना सांगायचं, मला येत नाही, शिकवा. मग वर्षभरानं परत पेपर."

मी कागद पुन्हा पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग सही केली.